मुलाच्या कागदावर हात कुणाचा?

कला शिक्षक पदविका घेऊन नोकरीसाठी अर्ज करायला निघालेल्यांना एक प्रश्न आता बऱ्याच ठिकाणी विचारला जातो: अध्यापनाबद्दल तुमची भूमिका काय? काही शाळा अर्जासोबत पानभर लिहून मागतात, काही मुलाखतीत समोर बसवून विचारतात. उत्तरं बहुतेक सारखीच येतात. सुप्त गुणांना वाव, सर्जनशीलतेचा विकास, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, सौंदर्यदृष्टी. यातलं काहीच खोटं नाही. अडचण अशी, की या शब्दांवरून तुम्ही सोमवारी चौथ्या तासाला वर्गात जाऊन काय कराल हे कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. फळ्यावर चित्र काढून साठ मुलांकडून ते उतरवून घेणारा शिक्षक आणि कागद वाटून खिडकीशी जाऊन बसणारा शिक्षक, दोघेही त्या पानाखाली निर्धास्तपणे सही करू शकतात. ज्या भूमिकेत काहीच नाकारावं लागत नाही, ती भूमिका अजून तयार झालेली नाही असं समजावं. म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं, की मोठे शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर ठरवा. मूल चित्र काढताना अडतं किंवा चुकतं, निदान तुम्हाला तसं वाटतं, तेव्हा तुम्ही काय करता? त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन रेघ सुधारून देता का? माझं उत्तर स्पष्ट आहे. मुलाच्या कागदावर शिक्षकाची रेघ उमटू नये, आणि म्हणून त्याला एकटं सोडून देणंही चालणार नाही. यातलं दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि कला शिक्षकाचं खरं कसब तिथेच लागतं.

सातवीच्या वर्गातलं वस्तुचित्र घेऊ. टेबलावर तांब्या ठेवला आहे. बाकावरून मुलाला त्याचं तोंड लंबगोल दिसतं, पण कागदावर ते जवळजवळ पूर्ण गोल येतं आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. असं होण्याला कारण आहे. तांब्याचं तोंड गोल असतं हे मुलाला ठाऊक आहे, आणि तांब्या टेबलावर सपाट बसतो, डगमगत नाही, हेही ठाऊक आहे. ठाऊक असलेल्या दोन्ही गोष्टी त्याने इमानाने काढल्या आहेत. शिक्षक येतात, खोडरबर फिरवतात, झोकदार लंबगोल काढून देतात, "असा काढ" म्हणतात आणि पुढच्या बाकाकडे वळतात. काम पंधरा सेकंदांत होतं, चित्रही सुधारतं. पुढच्या आठवड्यात बादली ठेवली की त्याच मुलाच्या बादलीचा तळ पुन्हा सरळ येतो, कारण आधीच्या तासाला पाहिलं होतं ते शिक्षकांनी, मुलाने नाही. आता दुसरा मार्ग पाहा. तांब्या उचलून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर धरा. तोंडाचा गोल नाहीसा होतो, नुसती आडवी रेघ उरते. तांब्या हळूहळू खाली न्या, रेघ उघडू लागते. जमिनीवर ठेवून मुलाला उभं राहून वरून पाहायला सांगा, गोल जवळजवळ पूर्ण दिसतो. मग तांब्या टेबलावर परत ठेवून विचारा: डोळ्यांपासून जास्त खाली काय आहे, तोंड की तळ? मग जास्त उघडलेलं काय दिसायला हवं? मूल थांबतं, मान तिरकी करून पाहतं, आणि तळाची सरळ रेघ स्वतः खोडतं. याला पंधरा सेकंदांऐवजी चार-पाच मिनिटं लागतात. पण त्याला जे कळलं ते बादलीला, टोपलीला, कुंडीला, विहिरीच्या कठड्यालाही लागू पडतं, आणि यथार्थदर्शन हा शब्द एकदाही उच्चारावा लागत नाही.

या साध्या प्रसंगामागे भक्कम विचार आहे. कलेतिहासकार अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांनी 'आर्ट अँड इल्यूजन' या १९६०च्या ग्रंथात दाखवून दिलं, की कोऱ्या डोळ्यांनी कुणीच चित्र काढत नाही, मुरलेला चित्रकारसुद्धा नाही. आधी मनातला एखादा साचा कागदावर येतो, मग तो समोरच्या वस्तूशी ताडून पाहिला जातो आणि दुरुस्त होत जातो. हे मान्य केलं तर मुलाच्या सरळ तळाकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. ती निव्वळ चूक राहत नाही. तो साचा आहे, आणि शिकण्याची सुरुवात तिथूनच होणार आहे. शिकणं घडतं ते ताडून पाहण्यात आणि दुरुस्त करण्यात. दुरुस्ती शिक्षकाने केली की साचाही मुलाचा राहत नाही आणि ताळाही मुलाने घेतलेला नसतो. याला वयाचं भान जोडायला हवं. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ या वयात मुलाचे साचे पक्के होतात: खाली जमिनीची रेघ, वर आभाळाची निळी पट्टी, मधली जागा मोकळी. नवाच्या पुढे मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसावंसं वाटू लागतं, तसं ते दिसत नाही, आणि "मला चित्रकला येत नाही" हे वाक्य साधारण याच सुमारास कानावर येऊ लागतं. आपल्याकडे स्वतंत्र कला शिक्षक मुलाला भेटतो तो बहुधा पाचवीनंतर, म्हणजे नेमका या नाराजीच्या काळात. त्यामुळे तांब्याचा धडा दुसरीच्या वर्गात नेऊ नका. तिथे आभाळाच्या पट्टीला हात लावण्याचं काहीच कारण नाही. सहावी-सातवीत मात्र तो टाळू नका. खऱ्यासारखं काढायची ओढ लागलेल्या मुलाला "तुला हवं तसं काढ" म्हणणं म्हणजे त्याने विचारलेल्या प्रश्नाला पाठ दाखवणं होय.

शिक्षकाचा हात मुलाच्या कागदावर आला कुठून, हेही जाणून घ्यायला हवं, नाहीतर आपण केवळ सवयीशी भांडत बसू. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. तिथल्या शिक्षणावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती: आधी भूमितीच्या आकृत्या, मग छापील नमुन्यांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन. हाताला अचूकपणा यावा, कारागीर आणि आरेखक तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. या शिस्तीला निष्फळ ठरवणं अन्यायाचं होईल. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या चित्रकाराची रेषेवरची हुकमत याच शाळेत घडली. पण कारागीर घडवण्यासाठी आखलेला क्रम दहा वर्षांच्या मुलाच्या तासाला जसाच्या तसा बसवला, की त्याचा हेतू मागे राहतो आणि उरते ती फक्त नक्कल. याच्या अगदी उलट टोकाला व्हिएन्नाचे फ्रान्झ सिझेक होते. त्यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला आणि मोठ्यांनी मुलांच्या चित्रात ढवळाढवळ करू नये असा आग्रह धरला. मुलांच्या चित्रांना स्वतःचं मोल आहे हे जगाला मान्य करायला लावण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तरीही निव्वळ न करण्यावर शिक्षकाची भूमिका उभी राहत नाही. आपल्याला जवळचं आणि जास्त उपयोगी पडेल असं उदाहरण वर्ध्यात आहे. १९३७च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आकाराला आली, आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कला शिक्षक म्हणून आले. १९६२ पर्यंत ते तिथे होते. मुलांच्या कलेबद्दल त्यांनी आधी हिंदीत आणि पुढे इंग्रजीत लिहिलं, आणि त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचं नावच कला हा शिक्षणाचा पाया आहे असं सांगतं. ते स्वतः कुंभारकाम करणारे होते. मातीशी झटणाऱ्या माणसाला साधनाची शिस्त आणि मनाची मोकळीक या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. अर्ज भरण्याआधी त्यांचं पुस्तक मिळवून वाचा, एवढी शिफारस मी आवर्जून करीन.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप परंपरेचा, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे गाणं गुरूच्या गळ्यावरून गळ्यात आलं, पिंगुळीची चित्रकथी पिढ्यान् पिढ्या नमुने गिरवूनच टिकली, वारली चित्रंही थोरांचं पाहूनच शिकली गेली. मग नक्कल वाईट कशी? नक्कल वाईट नाहीच. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ मध्ये मांडलं, की चांगली चित्रं काढणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या प्रतिमांचा उगम शोधला तर बहुतेक वेळा आधीची चित्रंच सापडतात, कॉमिक्समधली, टीव्हीवरची, मित्राच्या वहीतली. फरक आहे तो कशासाठी उतरवतो यात. वारली घरातला लग्नाचा चौक सवाष्णी लिहीत आल्या आहेत, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी. बाजूला बसून हात चालवणाऱ्या मुलीला काय कुठे येतं आणि का येतं हे त्या लग्नातूनच कळत जातं. जिव्या सोमा म्हसे यांनी ही भाषा उचलली, विधीबाहेर नेली, कागदावर आणली आणि तिच्यात आपल्या मनातल्या गोष्टी सांगितल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेत मात्र वारली म्हणजे दोन त्रिकोण टोकाशी जोडायचे आणि तारप्याभोवती गोल करायचा, एवढंच उरतं. याला उपाय नक्कल बंद करणं हा नाही. उतरवायला द्या, आणि मग एक नवा प्रश्न द्या. याच दोन त्रिकोणांनी सुटत चाललेल्या एसटीमागे धावणारा मुलगा दाखव. वरचा त्रिकोण कुठे कलेल? वजन कोणत्या पायावर पडेल? दप्तर कुठे जाईल? मूल पुन्हा म्हसे यांच्या चित्राकडे वळेल, पण या वेळी ते काहीतरी शोधत असेल. उत्तर तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत, की तो शोध तिथेच संपतो.

दुसरा आक्षेप परीक्षांचा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा आहेत, इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक निकाल विचारतात आणि मुख्याध्यापक तर विचारतातच. या परीक्षांना नावं ठेवून तुमची सुटका होणार नाही, आणि तसं करायची गरजही नाही. परीक्षेत काय विचारतात ते पाहा. वस्तुचित्रात कोणत्या वस्तू मांडल्या जातील हे आधी माहीत नसतं. तिथे पाठ केलेला तांब्या कुचकामी ठरतो, पाहायला शिकलेला डोळा उपयोगी पडतो. स्मरणचित्रासाठी बाजार, बसथांबा, विसर्जन मिरवणूक असे विषय तयार आकृत्यांसह घोटून घेतले जातात, आणि मग कुठल्याही बाजारात तीच टोपलीवाली तशीच बसलेली असते. आठवणीतून चित्र काढण्याचं शिक्षण हे खरं तर नीट पाहण्याचं शिक्षण आहे. पॅरिसमधले लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी १८४८ मध्येच त्यावर पुस्तक लिहिलं. शिल्पकार रोदँ त्यांचे विद्यार्थी. त्यांची रीत अशी, की वस्तू समोर ठेवून बारकाईने अभ्यासायची, मग ती दूर करून काढायची, आणि सोप्याकडून अवघडाकडे पायरीपायरीने जायचं. आपल्या शाळेत हे सहज जमतं. मुलांना सांगा, आज घरी जाताना फाटकासमोरच्या भाजीवालीकडे दोन मिनिटं पाहा: तराजू कोणत्या हातात धरते, पाय कसे मुडपते, सावली कुठपर्यंत येते. चित्र पुढच्या तासाला काढा. या परीक्षांत भूमिती आणि अक्षरलेखनही असतं, आणि तिथे माझा नियम वेगळा आहे. कंपास कसा धरायचा, अक्षराची उंची आणि रुंदी कशी विभागायची, पातळ रंगाचा सपाट थर ओघळ न येता कसा द्यायचा, ब्रश कसा धुवायचा, हे सगळं सरळ करून दाखवा, दहादा दाखवा. साधन वापरायला शिकवणं हे तुमचं काम आहे आणि त्यात हातचं राखू नका. राखायचं आहे ते फक्त मुलाचं उत्तर. एखाद्या मुलाच्या बोटांना पेन्सिलवर पकडच येत नसेल, तर त्याला विचारून, त्याचा हात हातात धरून पकड बसवून देणं हीसुद्धा साधनाचीच मदत आहे; तिथे संकोच नको.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे: वेळ आणि संख्या. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, आठवड्यात एखादा-दुसरा तास, तोही पस्तीस मिनिटांचा, आणि गणिताच्या सरांनी मागून घेतला नाही तरच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरावर पट असेल तर, कलेला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. म्हणजे कायद्यानेही या विषयाला अर्धाच माणूस दिला. ही तक्रार शासनदरबारी मांडत राहायलाच हवी, आणि मांडताना आवाज खाली ठेवू नये. पण हात न लावण्याच्या विरोधात हा मुद्दा टिकत नाही. साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं, तर प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. एवढ्यात फार तर एखादी रेघ सुधारून होते, अख्खं चित्र नाही. होतं असं, की पुढच्या बाकावरच्या आणि आधीच बरी चित्रं काढणाऱ्या आठ-दहा जणांचे कागद रंगतात आणि मागचे तसेच राहतात. संख्या मोठी असेल तर एका तासाला एकच अडचण निवडा आणि ती सगळ्या वर्गासमोर एकदम सोडवा. तांब्या वर-खाली करायला साठ मुलं असोत की सहा, वेळ तेवढाच लागतो. फिरताना हात मोकळे ठेवा, पेन्सिल टेबलावर सोडून या. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण हातात पेन्सिल असेल तर ती कागदावर टेकतेच.

मोकळ्या हातांनी फिरायचं तर जिभेला काम लागतं, आणि इथे नवख्या शिक्षकांची सर्वांत जास्त ओढाताण होते. "बाई, हत्ती काढून द्या ना," असं मूल म्हणेल. नाही म्हणून त्याला तोडू नका. हत्तीचं नेमकं काय अडलंय ते विचारा. सोंड असेल तर स्वतःच्या हाताची सोंड करून दाखवा: पाणी पिताना, झाडाची फांदी ओढताना, पाठीवर धूळ उडवताना. फार तर फळ्यावर तीन वेगवेगळ्या सोंडा काढा आणि पुसून टाका, म्हणजे निवड मुलालाच करावी लागेल. त्याच्या उलट "छान, छान" म्हणत पुढे जाणंही टाळा. काय छान हे न सांगितलेली शाबासकी मुलाला आंधळं ठेवते. पुढच्या वेळी ते तुमच्या चेहऱ्याकडे पाहून रंग निवडू लागतं. जे दिसतं ते सांगा: "फांद्या खोडापेक्षा गडद केल्यास, त्यामुळे त्या पुढे आल्यासारख्या वाटतात." दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खालून नदी, काठाला झोपडी आणि नारळ, हे चित्र तर दर वर्गात येणारच. त्यावर हसू नका, त्याला नावंही ठेवू नका. तुझ्या घराच्या गच्चीवरून किंवा दारातून सूर्य कशामागून वर येतो, एवढंच विचारा. कुणाचा पाण्याच्या टाकीमागून येतो, कुणाचा मोबाइलच्या मनोऱ्यामागून, कुणाचा उसाच्या फडातून. पुढचं चित्र त्या उत्तरातून येऊ द्या.

एवढं ठरलं, की पानभर लिहायला बसा आणि प्रत्येक वाक्य कृतीचं लिहा. 'मी सर्जनशीलतेला वाव देईन' याऐवजी असं लिहा: 'मी मुलाच्या चित्रावर रेघ ओढणार नाही. अडलेल्या मुलाला मी वस्तू हाताळायला देईन, दुसऱ्या बाजूने पाहायला लावेन आणि प्रश्न विचारेन. साधनांचा वापर मात्र मी स्वतः करून दाखवेन आणि जमेपर्यंत सराव घेईन. नक्कल करायला देईन तेव्हा मूळ चित्र कुणाचं, कुठलं आणि कशासाठी काढलेलं, हे आधी सांगेन.' ग्रेड परीक्षांची तयारी, मोठे वर्ग, मूल्यमापन यांबद्दलही एकेक वाक्य असंच लिहा. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की विचारेल, की मग स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात काय लावणार? मागच्या वर्षापर्यंत त्या भिंतीवर सरांच्या हाताने निगुतीने पूर्ण केलेली चित्रं असतील आणि पालकांना ती आवडलेलीही असतील. उत्तर आधीच तयार ठेवा. जूनपासून प्रत्येक चित्राच्या मागे मुलाकडून तारीख लिहून घ्या आणि चित्रं वर्गवार गठ्ठ्यांत सांभाळा. प्रदर्शनात प्रत्येक मुलाची दोन चित्रं शेजारी लावा, एक जून-जुलैचं आणि एक डिसेंबरचं, आणि खाली चिठ्ठीवर त्या मुलानेच लिहिलेलं एक वाक्य: आधी मला काय दिसलं नव्हतं. जागा कमी पडली तर दोन-दोन वर्गांची चित्रं दोन दिवसांत वाटून लावा, पण निवडक दहा मुलांचीच लावू नका. मुख्याध्यापकांना ही मांडणी सप्टेंबरातच दाखवून त्यांची संमती घ्या. संमेलनाच्या आदल्या दिवशी मागितलेली संमती मिळत नाही.